दुपारी दोन वाजता घर दाखवणाऱ्या सुगलाअक्का

सुगलाअक्कांना मी पहिल्यांदा भेटले ती गिऱ्हाईक म्हणून. त्याला आता चौदा वर्षे झाली. आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि भाड्याच्या दोन खोल्यांत जीव कोंडत होता. मी एका टॉवेल कारखान्यात कारकून होते. विजापूर रस्त्याकडे एका नव्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही नवरा-बायको एका रविवारी सकाळी पाहून आलो होतो आणि मनाने तो घेऊनही टाकला होता. व्यवहार तेवढा नीट व्हावा म्हणून कारखान्यातल्या एका बाईने घरांची दलाली करणाऱ्या अक्कांचे नाव सांगितले. मी फोन केला.

"अक्का, उद्या सकाळी नऊला येऊ का?"

"नऊला कशाला? दुपारी दोनला या."

"अहो, एप्रिल महिना आहे."

"म्हणून तर."

दोन वाजता इरकली लुगडे नेसलेल्या, हातात काळी छत्री घेतलेल्या अक्का इमारतीच्या दारात उभ्या होत्या. वर गेल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून बेडरूमच्या फरशीवर पसरले आणि आम्हाला म्हणाल्या, "बर्री, कूड्री. या, बसा. अर्धा तास बसायचं." घर विकायला आलेली बाई आम्हाला रिकाम्या खोलीत बसवून ठेवते, हे आम्हाला चमत्कारिक वाटले. दहा मिनिटांत माझ्या नवऱ्याने शर्टाची वरची बटणे सोडली. वीस मिनिटांत माझा पदर घामाने चिंब झाला. अक्का म्हणाल्या, "आता त्या भिंतीला हात लावा." भिंत पश्चिमेची होती. हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"घर चांगलंच हाय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण तुमी दोगं दिवसभर कामावर राबणार, आन् संध्याकाळी या भट्टीत येणार. सोलापुरात घर बगायचं तर उन्हाळ्याच्या दुपारी बगावं, न्हाय तर नळाला पाणी यायचं असतं त्या दिवशी बगावं. टाइल्स काय, कवाबी बदलता येत्यात."

तो फ्लॅट आम्ही घेतला असता तर अक्कांना बांधकाम व्यावसायिकाकडून दलाली मिळणार होती. ती त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सोडली. पुढे चार महिने हिंडून त्यांनी आम्हाला जे घर मिळवून दिले, त्याच घरात बसून मी हा लेख लिहीत आहे.

अक्कांचे माहेर अक्कलकोटच्या बाजूचे. बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. सोलापुरात त्यांच्या यजमानांची पिठाची गिरणी होती. यजमान अचानक गेले तेव्हा दोन मुली लहान होत्या. अक्कांनी गिरणी चालवायला घेतली. दळणासाठी थांबलेल्या बायका आपसांत बोलत, आणि कुणाची खोली रिकामी झाली, कुणाच्या दिराला बिऱ्हाड हवे आहे, हे सगळे अक्कांच्या कानावर येई. ज्वारी दळता दळता त्यांनी पहिली खोली लावून दिली. मग दुसरी. काही वर्षांनी गिरणीच्या दाराशी दळणाच्या डब्यांपेक्षा घर शोधणाऱ्यांची रांग मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली आणि शेजारच्या गाळ्यात टेबल टाकले. त्या काळी या धंद्यात बाई म्हणजे अपवादच. पुरुष दलाल त्यांना "पीठवाल्या बाई" म्हणत. अक्का हसून म्हणत, "म्हणू देत की. पिठात खडा असला तर दाताला कळतो. व्यवहारातला खडा यांना दिसत न्हाय."

माझा कारखाना बंद पडला तेव्हा अक्कांनी मला बोलावून घेतले. "आता सगळं मोबाइलवर चाललंय. माझी बोटं तिथं नीट चालत न्हाईत. तू ये." मी गेले आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. इतरांच्या जाहिराती पाहून मीही एका घराच्या जाहिरातीत झोकात लिहिले : 'हवेशीर, प्रशस्त, चोवीस तास पाणी.' ते वाचून एक कुटुंब थेट मोडनिंबहून एसटीने आले. अक्कांनी त्यांना चहा दिला आणि जाहिरात माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

"सोलापुरात चोवीस तास पाणी?" अक्कांनी डोळे मोठे केले. "सुजाता, मलाबी दाखव की ते घर. मीच घेते."

सगळे हसले. मी मान खाली घातली. पण लगेच अक्का त्या कुटुंबाकडे वळून म्हणाल्या, "चूक आमची हाय. नळ चार-पाच दिवसांनी येतोय, टाकी मात्र मोठी हाय. बगायचं तर बगा, न्हाय तर जाण्या-येण्याचं भाडं आमच्याकडं." त्या 'आमची' शब्दाने त्यांनी मला पदराखाली घेतले. त्या दिवसापासून जाहिरातीत मी टाकीचे माप लिहिते.

आज आमच्या शहरातला घरांचा बाजार फार बदलला आहे. पूर्वी येणारा माणूस आधी जागा मागे; घर सवडीने बांधू म्हणे. आता नवरा-बायको दोघे कमावतात, त्यांना कर्ज काढून तयार घर हवे असते. लिफ्ट हवी, चारचाकी उभी करायला जागा हवी. बंगल्यात राहणारी वयस्क जोडपी अंगण झाडून थकली आहेत; मुले पुण्याला किंवा परदेशात असतात, मग त्यांनाही दोन खोल्यांचा फ्लॅट बरा वाटतो. शहराबाहेर रोज नवे प्लॉट पाडले जातात आणि त्यांतल्या काहींची कागदपत्रे पाहिली की अक्का चष्मा काढून नुसत्या आमच्याकडे पाहतात. घेणाऱ्याला घाई असते आणि विकणाऱ्याला मोबाइलवर दिसलेला मोठा आकडा हवा असतो. या दोघांना एका टेबलाशी बसवणे हे आजचे खरे कसब. अक्कांचे एक वाक्य मी आमच्या कचेरीत पाटी करून लावले आहे : 'जाहिरातीत असतंय ते मागणं. खरेदीखतात असतंय ते मिळणं.'

हे कसब मी सर्वांत जवळून पाहिले ते दोन वर्षांपूर्वी, भवानी पेठेतल्या नरसूबाईंच्या घराच्या व्यवहारात. तो प्रसंग थोडा सविस्तर सांगते, कारण अक्कांचा मोठेपणा त्यात आहे आणि त्यांची एक गमतीदार चूकही.

नरसूबाई तेलुगू विणकर कुटुंबातल्या. घर दुमजली. खाली पूर्वी दोन माग होते, वर राहत्या खोल्या, मधे उभा लोखंडी जिना. यजमान वारल्यावर माग विकले गेले आणि घर मायलेकांच्या नावावर लागले. मुलगा व्यंकटेश पुण्यात नोकरीला. त्याला हे घर विकून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचा होता आणि आईला तिकडे न्यायचे होते. त्याने सांगितलेला भाव ऐकून अक्कांनी विचारले, "हा कुटनं काढला?" त्याने मोबाइलवर त्याच गल्लीतल्या एका घराची जाहिरात दाखवली.

"ही जाहिरात गेल्या दिवाळीपासून हाय," अक्का म्हणाल्या. "तो भाव मिळाला असता तर जाहिरात खाली उतरली असती की."

व्यंकटेशला ते पटले नाही. आठ महिने लोक घर पाहून गेले, एकही परत आला नाही. मग त्याने अक्कांचा भाव मान्य केला आणि महिन्याभरात गिऱ्हाईक आले. सागर हा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याची बायको अश्विनी शाळेचे गणवेश शिवायची. चार मशीन होती. फ्लॅटमध्ये मशीनचा आवाज शेजारी चालू देईनात, म्हणून त्यांना खाली काम आणि वर बिऱ्हाड असे पेठेतले घरच हवे होते. घर पाहून अश्विनी खालच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि बोटाने चार कोपरे मोजत म्हणाली, "एक, दोन, तीन, चार. बसली सगळी."

विसार देऊन सौदा पक्का करायच्या दिवशी सगळे आमच्या कचेरीत जमले. पेढे आणले होते. सह्या व्हायच्या आधी अक्कांनी सहज विचारले, "नरसूबाई, सामान कवा हलवणार?"

नरसूबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "हा म्हणतोय पुण्याला जायचं," त्या एवढेच म्हणाल्या आणि तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला.

अक्कांनी पेनाला टोपण लावले. "आज सही न्हाय."

"अक्का, मी रजा काढून आलोय!" व्यंकटेश उठून उभा राहिला. सागर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. त्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती आणि त्याच्या घरमालकाने त्यांचे घर पुढच्या भाडेकरूला कबूल केले होते. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगते, मला अक्कांचा राग आला. जुळलेला व्यवहार त्यांनी एका प्रश्नापायी मोडला होता.

"आठ दिवस द्या मला," अक्का सर्वांना म्हणाल्या. "कुणाचं नुकसान हू देणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नरसूबाईंकडे गेलो. अक्कांनी त्यांचा हात हातात घेतला आणि हळूहळू समजावू लागल्या, "चाळीस वर्षांचं घर. मालकांच्या हातचं. जीव गुंतलेला असतोय, मला कळतंय. तुमाला विकायचं नसलं तर मी पोराला सांगते..."

नरसूबाईंनी कपाळावर हात मारला. "कुणाचा जीव गुंतलाय? माजा? ह्या जिन्यानं माजे गुडघे खाल्ले अक्का! पाणी आलं की खालनं वर घागरी न्यायच्या. मला हे घर उद्याच्या उद्या विकायचं हाय. तुमाला थांबवायला सांगितलं कुणी?"

अक्का थक्क. "मग काल रडला कशापायी?"

"पुण्याला न्हाय जायचं म्हणून! तितं माज्यासंगं तेलुगूत कोण बोलणार? मला लिफ्टचं घर पायजे. हितंच, सोलापुरात. माज्या नावावर."

मग अक्का हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "इतकी वर्षं धंदा केला," त्या मला म्हणाल्या, "आन् बाईला 'तुला काय पायजे' एवढं विचारायचं सोडून मी तिला तिच्याच मनातलं सांगत बसले." आपली चूक इतक्या आनंदाने कबूल करणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

त्याच संध्याकाळी अक्कांनी व्यंकटेशला फोन केला. "आईला हितं दोन खोल्या पायजेत. तुमी पुण्यात एक खोली कमी घ्या." पलीकडून फोन बंद झाला. तिसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला, "सुजाताताई, अम्मा खरंच असं म्हणाली?" नरसूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, मी फोन त्यांच्या हातात दिला. मायलेक तेलुगूत बोलले. मला 'इल्लु' म्हणजे घर, एवढा एकच शब्द कळला, पण तो फार वेळा आला. आधी त्या रागावल्या, मग समजावू लागल्या, शेवटी दोघेही रडत होते. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा व्यंकटेश म्हणाला, "तिला एकटीला ठेवलं तर लोक मला काय म्हणतील, याचाच विचार करत होतो. तिला विचारलंच नाही हो. बघा तिच्यासाठी घर."

आणि मग सुरू झाली आमच्या कचेरीतल्या सर्वांत कडक गिऱ्हाइकाची घरशोध मोहीम. नरसूबाई दिवाणखान्याकडे पाहतसुद्धा नसत. तडक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडत, मग बाहेर येऊन लिफ्टचे बटण तीनदा दाबत. एका नव्या इमारतीत एक टाय लावलेला तरुण त्यांना व्यायामशाळेचे कौतुक सांगू लागला. नरसूबाई म्हणाल्या, "ते दंड-बैठकाचं राहू दे. वीज गेल्यावर ही लिफ्ट कशावर चालती, ते सांग." तो खाली जाऊन विचारून आला. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "हिला आपल्या कचेरीत घेऊया."

इकडे सागर-अश्विनीची मुदत संपत आली होती. अक्का स्वतः सागरबरोबर बँकेत गेल्या आणि मुदत वाढवून घेतली. घरमालकाला भेटून महिनाभर थांबवले. राहता राहिली मशीन. घरमालक थांबला तरी नवा भाडेकरू मशीनच्या खोलीत आधीच सामान टाकायला आला होता आणि शाळा सुरू होण्याचा मोसम तोंडावर होता. अक्कांनी आपल्या बंद गिरणीचे कुलूप काढले. मी आणि अश्विनीने जळमटे झाडली, सागरने वायर ओढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या जागेत एके काळी ज्वारी दळली जाई तिथे चार मशीनचा आवाज सुरू झाला. गणवेशाची एकही मागणी अश्विनीला परत करावी लागली नाही.

नरसूबाईंना अखेर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एक घर पसंत पडले. पहिला मजला, लिफ्ट, स्वयंपाकघरात नळ, आणि समोरच्या दारात तेलुगू बोलणारी शेजारीण. ते एका निवृत्त शिक्षकांचे होते. त्यांना कोल्हापूरला लेकीजवळ जायचे होते. भाव त्यांनीही मोबाइलवर पाहूनच सांगितला होता. अक्कांनी वाद घातला नाही. त्याच इमारतीत नुकत्याच झालेल्या दोन खरेदीखतांच्या नकला त्यांच्यासमोर ठेवल्या आणि गप्प बसल्या. गुरुजींनी त्या दोनदा वाचल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे माझा पेपर मीच जास्त गुण देऊन तपासला म्हणायचा." व्यवहार ठरला.

दोन्ही दस्त एकाच दिवशी झाले. नरसूबाईंनी नातवाने शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत सही केली. व्यंकटेशने पुण्यात एक खोली कमी घेतली, आणि तो आता दर महिन्याला आईकडे येतो. पूर्वी सणावारालाच यायचा. नरसूबाईंकडे कुणी पाहुणे आले की त्या स्वतः खाली उतरून त्यांना लिफ्टने वर नेतात. बटण मात्र दुसऱ्या कुणाला दाबू देत नाहीत.

एका गोष्टीबद्दल लिहू की नको, असे मी अक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही की. त्यात लाजायचं काय?" म्हणून लिहिते. ज्यांनी या शहरात इतक्या कुटुंबांच्या हातात घराची किल्ली दिली, त्या अक्का आजवर भाड्याच्या घरात राहत होत्या. मुलींची शिक्षणे, लग्ने, मग धाकट्या जावयांचे आजारपण. दरवेळी हाताशी आलेले घर पुढे ढकलले गेले. कधी त्याबद्दल कुरकुर ऐकली नाही. या वर्षी घरमालकाने जागा पाडून नवी इमारत उभी करायचे ठरवले तेव्हा अक्का कचेरीत माझ्या समोरच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसल्या. "सुजाता, मला एक घर बग. लहान चालंल. तळमजला पायजे."

आम्ही आधी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी अक्कांची जन्मतारीख पाहिली आणि अदबीने नकारार्थी मान हलवली.

"हप्ते किती वर्षांचे असत्यात?" अक्कांनी विचारले.

"वीस वर्षांपर्यंत, आजी."

"मग अडचण काय हाय? पंच्याण्णवाव्या वर्षी फिटंल की!"

साहेब हसले, चहा मागवला, पण कर्ज दिले नाही. दोन्ही लेकींनी आणि अक्कांच्या साठवणीने ते काम केले. गेल्या महिन्यात दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही दूध उतू घातले. दाराशी अक्कांच्या नावाची पितळी पाटी लावली. अक्का ती पाटी वाचायला तीन वेळा बाहेर आल्या आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, "चपला बघायला आले."

अक्का, आज आपल्याला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आपण घरे दिलेली माणसे या शहरात पेठापेठांतून, नव्या वसाहतींतून सुखाने नांदत आहेत, आणि आता आपणही आपल्या घरात नांदावे. गुडघे कुरकुरू नयेत, डोळ्यांना दस्तातले बारीक अक्षर असेच दिसत राहावे, आणि बँकेच्या त्या साहेबांनी आपल्या आयुष्याचा जो अंदाज बांधला, तो साफ चुकावा. वीस वर्षांनी आपण पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहाल, तेव्हा बाहेर रिक्षा थांबवून मी वाट पाहत असेन.